बिनमोसमाची सुरंगी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चाळीत सगळ्यात आधी जांभई मलाच यायची. तरी हे लिहितेय... कारण इतकी वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आम्ही भोईवाड्यात राहायचो. हे मिलमध्ये विणकर. मोर्चाला गेले ते पाच दिवस घरीच नाहीत. कुणी म्हणे पकडलेत, कुणी माझ्या कुंकवाकडे बघून मान फिरवी. दर शुक्रवारी पूजा झाली की सासूबाई ताटातलं एक फूल माझ्या केसांत माळायच्या. त्या शुक्रवारी त्यांनी ताट तसंच फळीवर ठेवलं. त्यांच्या लेखी मी सवाशीण उरले नव्हते, हे मला समजलं... आणि तणतणत मी घराबाहेर पडले. वरळीच्या बीडीडी चाळीत ह्यांचा एक दोस्त राहायचा, त्याच्याकडे चौकशीला.

हरताळ होता. ट्राम बंद, गिरण्या बंद. सांगायला लाज वाटते, पण त्या सकाळी मला फुलं दिसत होती! बुचाची पांढरी फुलं फुटपाथभर पडलेली. मिलच्या भिंतीच्या फटीत सदाफुली. कुणाच्या तरी गॅलरीत डालड्याच्या डब्यात कोरांटी. रस्ता नेहमीचाच, पण कधी मान वर केली नव्हती. नवरा बेपत्ता आणि बाई मजेत चाललीये — मीच मला शिव्या घालत होते.

रेल्वेचा पूल उतरल्यावर एका गिरणीच्या बंद गेटाजवळ एक म्हातारी बसलेली. पुढ्यात टोपली, टोपलीत सुरंगीचे वळेसर — आमच्या कोकणातले गजरे. सुरंगी फुलते शिमग्याच्या सुमाराला, आणि इथे तर दिवाळी नुकती सरलेली!

"मोकळो अंबाडो घेवन खंय चललंस गो? सवाशीण मा तू? फिर पाठमोरी."

मी फिरलेही. तिने वळेसर माळला. वळून बघते तर तिच्या कपाळावर कुंकू नाही. आमच्याकडे विधवा बाई दुसरीच्या केसांना फूल लावत नाही. मग हा आशीर्वाद होता, की...? मी तिथून धूम ठोकली.

वरळीत काहीच कळलं नाही. दोस्ताची बायको मात्र म्हणाली, "सुरंगी? आत्ता? काय वास सुटलाय गं!" म्हणजे मला भास झाला नव्हता.

घरी सासूबाईंनी विचारलं, "कोणी माळल्यान गो?" मी खरं ते सांगितलं, कपाळासकट. वळेसर काढायला हात नेला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "रवांदे," म्हणाल्या आणि हमसून रडल्या. मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच गेला.

दुसऱ्या दिवशी मी परत त्या गेटाशी गेले. वॉचमन म्हणाला, "बाई, इथं कुणीच बसत नाय." गावाहून कुणी फुलं आणली म्हणावं, तर गावच्या झाडालाही तेव्हा कळी नव्हती. पत्र पाठवून विचारलं मी! मग ती कोण आणि फुलं कुठली, याचं उत्तर तेव्हा मिळालं नाही, आजही नाही.

रविवारी दारात हे उभे. दाढी वाढलेली, पाय अनवाणी. लॉकअपमध्ये होते म्हणाले. सासूबाई धावल्या. मी जागची हलले नाही.

"अगो, मी इलंय. अशी काय बघतंस?"

मी आधी त्यांचा हात दाबून पाहिला. गरम होता.