दुखायची थांबलेली दाढ

उजवीकडची शेवटची दाढ दुखायची थांबली त्या दिवशी मी खूश झाले. आठ दिवस ठणकत होती. तिच्यावर मशेरी दाबून धरली की तोंड बधिर व्हायचं आणि वाडीतलं काम उरकायचं. आमच्याकडे बायका असंच करतात. दाढ गप्प झाली तेव्हा वाटलं, किडा मेला. खरं तर आतली नस मेली होती आणि पू खाली उतरत होता. हे मला नंतर कळलं.

दातांच्या डॉक्टरकडे मी कधी गेले नव्हते. मशेरीने दात काळे पडलेत. घरातल्यांसमोरही हसताना मी पदर तोंडाशी धरते. परक्या माणसासमोर आ करायचा म्हटलं की मी दुसरंच काम काढायची.

दोन दिवसांनी गाल सुजला आणि जबड्याखाली सुपारीएवढी गाठ लागली. तोंडात खारट, घाण चव. अंगात हुडहुडी. थोरली जाऊ म्हणाली, "काय गो, गालात लाडू लपवलास? अर्धा आम्हाला दे."

मी दाढेचं बोलले नाही. वारं लागलं म्हणाले. तिने वाडीतली विड्याची पानं आणली, तेल लावून तव्यावर गरम केली आणि गालावर बांधली. बरं वाटलं, म्हणून दिवसभर शेकत राहिले.

सकाळी सूज गळ्यावर उतरली होती. पेज गिळेना. थुंकीही गिळवेना, ती ओठांतून गळत होती. आडवी झाले की श्वास अडायचा. आमचे हे म्हणाले, "केळीचा घड उतरवून येतो, मग निघू." मी त्यांचा शर्ट मुठीत धरला तो सोडलाच नाही.

जाऊही बरोबर निघाली. पापडी गावातल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, "मावशी, आ करा."

मी पदर बाजूला केला. लाज कुठे गेली कोण जाणे. पण तोंडच उघडेना. दातांमध्ये बोटही जाईना. मी दोन्ही हातांनी जबडा ओढत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्याने हनुवटीखाली दाबून पाहिलं. तिथे फळीसारखं कडक झालं होतं. गालाला अजून तेल आणि पानाचा तुकडा चिकटलेला त्याला दिसला.

"शेक कुणी दिला?"

"मीच," जाऊ म्हणाली. "पानांचा."

"दाढेत पू असताना शेकायचं नसतं. आता तो गळ्यात पसरलाय, जीभ वर उचलली गेलीय. मोठ्या हॉस्पिटलात न्या. बसवूनच न्या, आडवं केलं तर श्वास बंद पडेल."

रिक्षात मी दोघांच्या मध्ये पुढे वाकून बसले. प्रत्येक श्वासाला घशात शिट्टी वाजत होती. जाऊ ओरडत होती, "घे गो, श्वास घे! मीच मारली हिला, माझ्या हातांनी मारली." मला सांगायचं होतं, तुला माहीतच नव्हतं, दाढ मी लपवली. तोंडातून नुसती लाळ आली. मी तिचा हात दाबला, तर तिला वाटलं मी चालले. ती आणखीच रडायला लागली.

हॉस्पिटलात गळ्याला चीर देऊन पू काढला, दाढ उपटली, हनुवटीखाली नळी ठेवली. पाचव्या दिवशी तोंड दोन बोटं उघडलं. जाऊ पायाशी बसली होती. मी म्हणाले, "दाढ होती. मी सांगितलंच नाही तुला."

"गप. पेज पी," ती म्हणाली. वाटी तिने पुढे केली, पण माझ्याकडे बघेना.