पानांवरचं मीठ

काल आगरदांड्याला बोटीची वाट बघून पाय दुखले, म्हणून खाडीकाठच्या गवतावर टेकले. उठताना तळहाताला पांढरी, खरखरीत कणी लागली. मीठ होतं. मग आत्या आठवली.

एका भाद्रपदात उधाणानं बांध फुटून तिच्या भातात खाडीचं पाणी शिरलं होतं आणि त्यानंतर पावसानं दडी मारली होती. मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. सुट्टीत तिच्याकडे गेले, तर ती बांधावर बसलेली. भाताचे शेंडे करपलेले आणि शेजारी हेच गवत हिरवंगार.

"याला कसं काय व्हत न्हाय गो?" तिनं विचारलं.

मी उत्साहानं सांगितलं, की हे गवत बरंचसं मीठ मुळांशीच अडवतं आणि आत शिरलेलं पानांवरच्या बारीक ग्रंथींतून बाहेर टाकतं. एक पान तोडून तिला चाटायलाही लावलं.

"आनि भाताला ह्ये जमत न्हाय?"

"नाही ना, आत्या."

"बरं," एवढंच म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं शेतात गुरं सोडली. त्याआधीचे आठ दिवस आत्या विहिरीचं गोडं पाणी हंड्यानं आणून त्या भाताला घालत होती, हे मला नंतर तिच्या शेजारणीकडून कळलं. आणखी थोडे दिवस घातलं असतं, तर काही रोपं वाचली असती का? आज इतकी वर्षं हाच विषय शिकवूनही सांगता येत नाही.

त्या दिवशी मात्र, तिला किती सोपं करून सांगितलं, याच आनंदात मी घरी परतले होते.