पाण्याआधीचा अर्धा तास

दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं, ही आपली जुनी रीत. काल डोंगरावरच्या एका पाड्यात ती मोडलेली पाहिली.

माझी पत्नी तिथल्या बायकांना पाणी शुद्ध करायला शिकवायची. जुन्या लुगड्याच्या चारपदरी घडीतून पाणी गाळायचं, हंड्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि मग अर्धा तास ते कुणी प्यायचं नाही. ती गेली त्याला वर्ष होत आलं. तिचं शिकवणं तिच्यामागे उरलं आहे का, एवढंच पाहायला मी गेलो होतो.

उन्हातून चढून पहिल्याच घरी टेकलो आणि शिकवणाऱ्या बाईंचा नवरा म्हणून ओळख सांगितली. घरची सून म्हणाली, "थांबा काका, आत्ताच थेंब टाकलेत."

"पाहुणा दारात सुकतोय, आणि ही घड्याळ बघतेय!" सासू ओट्यावरून कडाडली.

"बघणारच. पोरगी जुलाबानं हातची जात होती, तेव्हा कुठं होती तुमची रीत?"

पुस्तकातलं शिकलेलं मी पुष्कळ विसरलो आहे. पण जे एखाद्या चांगल्या सवयीशी भांडून घरात शिरतं, ते सहसा बाहेर जात नाही. तरी म्हातारीचा मान राहावा म्हणून मी म्हणालो, "द्या तसंच. मला चालेल."

म्हातारी उठली आणि तिने हंड्यावरचं झाकण दाबून धरलं.

"बसा गप. तुम्हाला काही झालं, तर वर गेल्यावर बाईंना काय तोंड दाखवू?"

मी बसलो.