खेळातल्या मेलेल्याला कुणी आंघोळ घालत नाही

माझ्या टॅबवर एक वकील मरून पडलेला आहे. स्वतःच्याच दिवाणखान्यात, गालिच्यावर, पालथा. गेल्या मे महिन्यापासून तो तसाच पडून आहे, कारण तो खेळ मी अर्ध्यातच सोडला. का सोडला ते सांगायला बसलेय, पण माझं बोलणं जरा लांबण लावणारं असतं, तेवढं सांभाळून घ्या.

हे डिटेक्टिव्ह गेम मला मुलाने लावून दिले. तो जासईला कंटेनर यार्डात कामाला, सून बँकेत. आमचे हे गेल्यावर दुपार अंगावर यायला लागली. टीव्ही लावला तर सगळ्या चॅनेलवर सासवा. त्यापेक्षा खुनी परवडले. इंग्रजी मला वाचून वाचून समजतं, बोलता येत नाही. फारच अडलं तर टॅब आपणहून मराठी करून देतो, पण ते मराठी वाचलं की इंग्रजीच बरं होतं असं वाटतं.

आता इतके खेळ खेळून झाल्यावर माझी काही मतं झालीत. अंधाऱ्या खोलीत किल्ली शोधा, बटण शोधा, तुटकी बांगडी शोधा, असले खेळ मला आवडत नाहीत. ते मी जन्मभर घरात फुकट केलंय, आणि मोतीबिंदू काढलेल्या बाईची ती थट्टाच आहे. वरती घड्याळ पळवत ठेवतात तेही नको. मला आवडतात ते जबान्यांचे खेळ. माणसाला समोर बसवायचं, काय विचारायचं ते आपण निवडायचं, गोड बोलायचं की दरडावायचं तेही आपणच ठरवायचं. मग तो एक बोलतो, त्याची बायको दुसरं बोलते, आणि दोन्हींच्या मधे काहीतरी सापडतं.

खेळाच्या खाली खेळणाऱ्यांचे अभिप्राय असतात, ते मी खेळाआधी वाचते. तरुण पोरं लिहितात, ‘नुसती बडबड, बोअर.’ अरे बाबांनो, बडबडीतच तर सगळं असतं! एका खेळात शेवटी खुनी कोण ते सांगतच नाहीत. त्याच्याखाली लोकांनी शिव्यांचा पाऊस पाडलेला. आमचा वेळ फुकट गेला, असला कसला शेवट, वगैरे. मला मात्र तो खेळ पटला होता. माझ्या धाकट्या जावेला मी तो सांगितला, तर ती म्हणाली, “मग त्यात खेळ कसला? ते तर असंच असतं.”

ही माझी जाऊ आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते. पनवेलात दोघा भावांनी वर-खाली घरं घेतली, आता दोघेही नाहीत, आम्ही दोघी उरलो. ती कोन गावची. इतकी वर्षं शहरात काढली तरी तिचं बोलणं गावचंच राहिलं, आणि मला ते ऐकायला आवडतं. तिला माझे खेळ बघवत नाहीत. “माणूस मरून पडलाय आनि तुमी च्या पिताय, जाऊबाय,” म्हणते, आणि माझ्याच शेजारी बसून माझाच चहा पिते.

तिला एकच मुलगी होती. खारघरला दिली होती, बेलपाड्याच्या बाजूला, मोठ्या टॉवरमध्ये. ती मुलगी बाथरूममध्ये पडून गेली. आम्हाला असं सांगितलं गेलं, आणि आम्हीही पुढे सगळ्यांना असंच सांगितलं. मागे तिचं एक लेकरू, तेव्हा नुकतं बोलायला लागलेलं. आता ती नात सहावीत आहे, बापाजवळ असते. मेच्या सुट्टीत आणि दिवाळीत थोडे दिवस आजीकडे येते. जावेचं वर्ष या दोन वेळांवर चालतं. मधे बाकी महिने असतात एवढंच.

गेल्या मे महिन्यात ती आली आणि दुसऱ्याच दिवशी वर येऊन माझ्या टॅबला चिकटली. मला म्हणते मोठी आजी. “मोठी आजी, हा वकील कोणी मारला?” म्हटलं, तेच तर शोधायचंय, बस. पोर हुशार. मला जिथे दोन दिवस लागले तिथे खेळातली एक बाई खोटं बोलतेय हे तिने पहिल्या जबानीत ओळखलं. म्हणाली, “ती विचारलं नाही तेसुद्धा सांगते.”

जाऊ त्या दिवशी माझ्याकडेच भिजवलेले वाल सोलत बसली होती. खेळात एक सूचना आली. पोरीने मोठ्याने वाचून स्वतःच मराठी केलं, “तपास होईपर्यंत कुणीही बॉडीला हात लावू नये. का गं, मोठी आजी?”

मी सहज बोलून गेले, “अंगावर खुणा असतात ना. कुणी धरलं, कुठे लागलं. हात लावला, धुतलं-पुसलं, की त्या जातात.”

जाऊ उठली. मांडीवरची सालं सगळी खाली सांडली. ती भरायला वाकली नाही, तशीच चप्पल घालून जिना उतरून गेली.

तिची लेक गेली त्या दिवशी काय झालं होतं ते मला ठाऊक आहे, मी तिच्याबरोबर होते. जावयाचा फोन आला, लवकर या. आम्ही रिक्षा केली. वाटेत जावेने रिक्षा थांबवली आणि दुकानातून हिरवी साडी घेतली. सवाष्ण लेक गेली, तिला शेवटची साडी माहेरची नेसवायची. दुकानदाराने पहिली दाखवली ती तिने नको म्हटली, काठ फार बारीक आहे म्हणून. दुसरी घेतली. एवढं भान तिला होतं. की तेवढंच भान होतं, कोण जाणे.

तिथे पोचलो तर सगळे वाट बघत होते. डॉक्टर येऊन कागद देऊन गेला होता, तो त्यांच्या ओळखीचा. बायकांनी चादरी धरल्या. आईने लेकीला आंघोळ घातली, स्वतःच्या हाताने, कोमट पाण्याने, वरून हळद. दंडावर आणि मानेमागे काळं-निळं होतं. विहिणीने कुणी न विचारता सांगितलं, “पडताना नळ लागला.” जावेने तिथेही हळद लावली, जरा जास्तच लावली, दुखऱ्या जागी लावतात तशी. मग साडी, हिरव्या बांगड्या, मळवट, ओटी. संध्याकाळी सगळं आटोपलं. बाथरूम तर आम्ही पोचायच्या आधीच फिनेल टाकून धुतलेलं होतं.

यावर माझं मत विचाराल तर मी सांगेन की हे खेळ करणाऱ्यांना मरण ठाऊक नाही. त्यांच्या खेळात मेलेला माणूस दिवसच्या दिवस तसाच पडून राहतो, कुणी त्याचे डोळे मिटत नाही, कुणी त्याला आंघोळ घालत नाही, कुणाची आई येत नाही. आमच्याकडे आई येते, आणि मग तपासायला काही उरत नाही.

पण अंगावरच्या खुणांपेक्षा जावेला जास्त छळलं ते दुसऱ्याच गोष्टीने. जावई सगळ्यांना सांगत होता, मी ऑफिसात होतो, कळल्यावर धावत आलो. आणि जाऊ मला तेव्हापासून आजपर्यंत सांगत आलीय की त्याचा फोन आला तेव्हा मागे लेकरू रडत होतं. “तिचं रडनं मी नाय वळखनार का, जाऊबाय? आई आई करत होती. तो घरातच होता.” हे तिने फक्त मला सांगितलं. पोलिसांत नाही, घरच्या पुरुषांना नाही. सांगितलं असतं तर नात परत दिसली नसती. घरात असणं म्हणजे मारणं नव्हे, हे तिलाही कळतं. पण मग खोटं कशाला बोलायचं, यापाशी येऊन ती थांबते.

त्या वालाच्या दिवसानंतर पोर आईबद्दल विचारायला लागली. आधी माझ्याजवळ. आई कशी पडली? दार आतून बंद होतं का? पहिल्यांदा कोणी बघितलं? मी म्हटलं, बाळा, मी नव्हते तिथे. मग आजीजवळ. भाजी निवडता निवडता, केस विंचरून घेता घेता, अगदी गोडीत, दरडावणं नाही.

जाऊ वर आली ती भांडायलाच. “तुमच्या त्या मेल्या खेळानं शिकवलं तिला.”

“खेळाने कशाला शिकवायला हवं? तिची आई गेलीय. आज ना उद्या विचारणारच होती.”

“उद्या विचारू दे ना! मोठी झाल्यावर विचारू दे. आता घरी जाऊन बापाला विचारलंन तर? तो पाठवल का परत?”

“मग खरं सांगून गप्प राहायला सांग.”

“एवढ्याशा पोरीला? असलं घेऊन त्याच घरात निजायला पाठवू?”

मी उठले. टॅब कपाटात ठेवून दिला. पोरीने एकदा मागितला, मी बिघडलाय म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, माझीही जबानी झाली.

जावई न्यायला आला तो रविवार होता. मी खालीच होते. जावेने कोकम सरबत केलं होतं, पोरीची बॅग भरून दाराशी ठेवली होती, आणि तिला सारखं काही ना काही काम सांगत होती, हे आण, ते ठेव, म्हणजे बोलायला जागाच उरू नये. तरी पोर स्टूल ओढून बापासमोर बसली.

“पप्पा, एक विचारू? रागवायचं नाही.”

“विचार की.”

“आई पडली तेव्हा तू कुठे होतास?”

“ऑफिसात. सांगितलंय ना तुला.”

“मग आजीला फोन कोणी केला?”

“मीच.”

“कुठून?”

त्याने ग्लास खाली ठेवला. रागाने पोरीकडे बघेल असं मला वाटलं, पण त्याने बघितलं जावेकडे. “आई, हे काय चाललंय? इथे हेच बोलता का तुम्ही तिच्याशी? याच्यासाठी पाठवतो मी तिला?”

पोरही जावेकडे वळली. “आजी, तू सांग. फोन तू घेतलेला.”

जाऊ उभीच होती. पदराला हात पुसले, कोरडेच होते ते. आणि म्हणाली, “ऑफिसातूनच केला गं त्यांनी. मी सोता ऐकला ना. मागं किती ते फोन वाजत होते, मानसांचा गलका. मला नीट ऐकूपन येत नव्हतं.”

“आणि मी?”

“तू शेजारच्यांकडं झोपलेलीस.”

इतक्या सहज बोलली. फोनच्या रिंगा, माणसांचा गलका, शेजारी, सगळं कुठून आणलं तिने कोण जाणे. मी खाली फरशीकडे बघत राहिले. खेळांमध्ये खोटी साक्ष देणारे खूप भेटलेत मला, प्रेमात पडलेले, घाबरलेले, मालकाचं मीठ खाल्लेले. पण गेलेल्या मुलीची आई खोटी साक्ष देतेय, असा एकही खेळ मी बघितलेला नाही. कुणी केला तर खाली लोक लिहितील, पटत नाही.

आपण तो फोन कुठून केला होता हे जावयाला तर माहीतच आहे. म्हणजे ही बाई खोटं बोलतेय हे त्याला त्याच क्षणी कळलं, आणि तिला काय ठाऊक आहे तेही कळलं. त्याने ग्लास उचलून उरलेलं सरबत संपवलं, आणि फार मऊ आवाजात म्हणाला, “दिवाळीला पाठवतो, आई.”

पोर “बरं” म्हणाली. मुलं समाधान झालं की म्हणतात तसं ते बरं नव्हतं. मोठी बाई विषय मिटवताना म्हणते तसं होतं. तिने स्वतःची बॅग स्वतःच उचलली, दोघींच्या पाया पडली, आणि बापाच्या मागून जिना उतरली. आम्ही गॅलरीत गेलो. गाडी वळेपर्यंत जाऊ हात हलवत होती. काच वर होती, आतून कुणी हात हलवला की नाही ते दिसलं नाही.

मी म्हटलं, “अगं, तो फोन...”

“मला म्हाईत हाय तो फोन,” ती म्हणाली. कठड्याला धरून उभी होती, रस्त्याकडेच बघत. “दिवाळीला पाठवतो म्हनाला ना? तुमीपन ऐकलंत ना, जाऊबाय?”

“ऐकलं.”

“तुमच्यासमोर म्हनाला.”

“हो गं. माझ्यासमोर म्हणाला.”

“मग झालं तर,” ती म्हणाली, आणि तिथेच, गॅलरीत, खाली बसली.