वहीतलं सुटलेलं पान

माझं बाइंडिंगचं दुकान आहे. खरं तर ते ताईचं आणि माझं आहे, पण पाटीवर नाव माझं, आणि गिऱ्हाईक कौतुक करतं तेही माझंच. ताई मागच्या टेबलाशी बसून मोठ्या कागदांच्या घड्या घालते. लाकडी पट्टी कागदावरून एकदाच फिरवते आणि घडी बसते. वीस वर्षं झाली. आई गेल्यावर मला तिनं वाढवलं, हा धंदाही तिनंच शिकवला, स्वतःचा संसार तेवढा राहून गेला. माझी बायको नर्स आहे, ती पाळ्या सांभाळते आणि घर ताई सांभाळते. नळाला पाणी येतं तसं मी हे सगळं धरून चाललो होतो.

आणि असा मी पोरीला कृतज्ञता शिकवायला निघालो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

पोरगी नऊ वर्षांची. प्रश्नांची भुणभुण संपत नाही म्हणून तिला आम्ही भुंगा म्हणतो. 'हे नको, तेच हवं' फार वाढलं तेव्हा मी तिला एक वही बांधून दिली. रोज जेवायच्या आधी एक ओळ लिहायची, आज आपल्यासाठी कोणी काय केलं. पहिल्याच दिवशी तिनं लिहिलं, 'आत्यानं घड्या घातल्या म्हणून ही वही झाली.'

मी हसलो. म्हटलं, "अगं, घरच्यांचे का कोणी आभार मानतं? आत्या काय परकी आहे? बाहेरच्यांचं लिही." पहिल्याच पानावर खाडाखोड नको म्हणून सुरी घेतली आणि शिवणीला लागून ते पान कापून टाकलं. कापलंय हे कुणाच्या लक्षातही येऊ नये इतकं सफाईनं. त्याचाही मला अभिमान वाटला.

वही भरत गेली. बसचा ड्रायव्हर थांबला, शेजारच्या काकूंनी छत्री दिली, शिपाईमामांनी हरवलेला डबा शोधून दिला. घरी कोणी आलं की मी ती वही मुद्दाम दाखवायचो.

परवा भुंगा वही घेऊन दुकानात आली. "बाबा, पान सुटलं."

समोर दोन गिऱ्हाइकं उभी. त्यांच्यादेखत माझ्या हातच्या वहीचं पान सुटावं म्हणजे नाकच कापलं गेलं. मी मागं वळूनही न बघता म्हणालो, "ताई, तुझी घडी नीट बसली नव्हती वाटतं."

पट्टीचा आवाज थांबला. "असेल," एवढंच ती म्हणाली, आणि पट्टी पुन्हा सुरू झाली.

गिऱ्हाइकं गेल्यावर मी शिवण पाहिली. कागदाला घडी घातली की त्याची दोन पानं होतात, एक पुढचं, एक मागचं, आणि दोरा मधून जातो. पुढचं मुळापासून कापलं की मागच्याला धरून ठेवायला काही उरत नाही. हे मला बाराव्या वर्षी ताईनंच शिकवलं होतं. पान माझ्या सुरीनं सुटलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चिकटवायला खळ हवी म्हणून तिच्या टेबलाचा खण उघडला. डब्याखाली ते कापलेलं पान होतं. कचऱ्यातून उचलून, सुरकुत्या काढून ठेवलेलं.

"ते असू दे रे माझं," ताई म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत होतं? मग मघाशी बोलली का नाहीस?"

"गिऱ्हाइकांसमोर? पाटीवर नाव तुझं आहे, धाकट्या."

तिला टोमणा मारायचा नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला.

संध्याकाळी ताई ताटं घेत होती तेव्हा मी वही पुढ्यात ओढली. पेन टेकवलं आणि तसाच बसून राहिलो. सुरुवात करायची कुठून? आई गेली त्या दिवसापासून? माझ्या आजारपणांपासून?

"बाबा, एकच ओळ लिहायची असते," भुंगा म्हणाली. "फक्त आजची. तुम्हीच सांगता ना?"

मी लिहिलं, 'पान मी कापलं म्हणून सुटलं. ताईनं दोष स्वतःवर घेतला.'

भुंगानं ते मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण आत्या तर घरचीच आहे ना?"

"घरचीच आहे," मी म्हणालो. "म्हणूनच एवढा उशीर झाला."

ताईनं वर पाहिलं नाही. "जेवा आता, गार होतंय," म्हणाली, आणि नेहमीसारखं माझं ताट पहिलं वाढलं.