डब्यातले अप्पा

बऱ्हाणपुरात कुणी विचारलं की ताई, तुम्ही काय करता, तर मी सरळ सांगते, माणसांना चालवते. समोरचा थबकतो. मग खुलासा करावा लागतो की ॲनिमेशन, म्हणजे हलती चित्रं. "अच्छा, कार्टून," असं म्हणून तो मोकळा होतो आणि माझं डोकं फिरतं. आयुष्याची इतकी वर्षं ज्या कामात घातली ते कुणी एका शब्दात गुंडाळून टाकलं की राग येणारच. पण तो फार टिकत नाही. मला माझं काम येतं, आणि येतं हे मला ठाऊक आहे.

सुरुवात मी सगळ्यात खालून केली. आमच्या धंद्यात मोठा चित्रकार हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र काढतो. हात खाली, हात वर. त्यांच्या मधली सगळी चित्रं दुसऱ्याच कुणीतरी भरायची. नाव मोठ्याचं होतं, पण हात हलतो तो मधल्या चित्रांमुळे. पूर्वी परदेशातल्या स्टुडिओंमध्ये सेल्युलॉइडच्या पारदर्शक पानांवर शाई आणि रंग भरायला खोल्या भरून बायका बसायच्या, त्यांचीही नावं फारशी कुणी विचारली नाहीत. मी घरातही मधलीच. थोरली बहीण जळगावला दिलेली, धाकटा भाऊ शेती बघतो, आणि माझे वडील, म्हणजे अप्पा, मला अजून 'मधले' अशीच हाक मारतात. काम काय ते पहिल्यांदा समजावलं तेव्हा म्हणाले होते, "घरी मधली, तिथंबी मधली. बरं आहे, सवय आहे तुले."

मोठ्या शहरात राहून झालं. आता लोधीपुऱ्यातल्या घरी वरच्या खोलीत बसून मी काम करते. पेन्सिल जाऊन टॅबलेट आला, तरी माणूस चालवायचा तर अजूनही त्याला पायापासून समजून घ्यावं लागतं.

गेल्या वर्षी अप्पा बागेत पडले. आमची केळीची बाग इच्छापूरच्या रस्त्याला आहे. कापलेल्या खोडाच्या ओल्या सालीवरून पाय सटकला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला, टाके निघाले. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की हाड पक्कं जुळलंय, आता यांना चालवा. अप्पा काही चालेनात. दुखतं, म्हणायचे. वॉकर आणला तर त्याच्यावर त्यांचे गमछे वाळायला लागले.

भावाने बिचाऱ्याने बरीच वाट पाहिली. मग एका सकाळी म्हणाला, "अप्पा, एकट्याच्यानं नाही होत. बाग बटाईनं, अर्ध्या वाट्यानं, देऊन टाकू." अप्पांनी बशीतला चहा संपवला. "एकदा माझ्या पायानं बागेत जाऊन येतो," म्हणाले. "घड कापणीला यायच्या आत नाही जमलं, तर दे कुणालेबी." मुदत त्यांनी स्वतःच घातली आणि खुर्चीतून हलले नाहीत. मला भीती वाटली. बाग गेली की अप्पा त्या खुर्चीतच म्हातारे होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तोवर ते म्हातारे नव्हतेच.

मी समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा ते वैतागून म्हणाले, "तुले काय कळतं चालण्यातलं? तू कार्टूनवाली."

घरच्या माणसाकडून हा शब्द आला की जास्त लागतो. "तेवढंच तर कळतं मले," मी म्हटलं आणि ताडताड वर निघून गेले.

पण खरंच, तेवढंच तर कळतं. आमच्या शिक्षणात पहिला अवघड धडा चालण्याचाच असतो. चालणं म्हणजे पडणं. माणूस पुढे झुकतो, पडायला लागतो, आणि आपटायच्या आत पाय पुढे टाकून सावरतो. अप्पांना नेमकं ते झुकणंच नको होतं. दोन्ही पायांवर वजन धरून उभे राहायचे, मग पाय उचलणार कसा? दुखणं पायात नव्हतंच. पण त्यांच्यासमोर भीती हा शब्द काढला असता तर घरात महाभारत झालं असतं. मी ठरवलं, बोलायचं नाही, दाखवायचं.

मोबाईलवर दाखवून उपयोग नव्हता. त्यातलं सगळं खोटं असतं, असं अप्पांचं पक्कं मत. त्यांना हाताने फिरवता येईल, उघडून आत बघता येईल असं काहीतरी हवं होतं. माझ्या धंद्याचे पणजोबा असेच होते. सिनेमाच्या कितीतरी आधी लोक पुठ्ठ्याची चकती दोऱ्याने गरगर फिरवायचे. एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला पिंजरा, आणि फिरवली की पक्षी पिंजऱ्यात. मी तशी चकती केली. एका बाजूला केळीच्या ओळी काढल्या, दुसऱ्या बाजूला अप्पा. अप्पा समोर जसे बसलेले दिसत होते तसेच काढले. त्यांनी दोरा पिळून चकती फिरवली, बघितलं, पुन्हा फिरवली.

"बागेत खुर्ची कोण नेतं?" ते म्हणाले.

आई भाजी निवडता निवडता खो खो हसली. मला हसू आलं नाही, पण त्यांनी चकती खिशात ठेवली ते मी पाहिलं.

मग मी डबा केला. हीसुद्धा जुनीच युक्ती. मिठाईवाल्याकडून पुठ्ठ्याचा गोल डबा आणला, त्याच्या वरच्या कडेला उभ्या फटी कापल्या, आतून चित्रांची पट्टी लावली. डबा फिरवायचा आणि बाहेरून फटीतून बघायचं. फट हवीच. नुसतं वरून बघितलं तर सगळी चित्रं एकमेकांत कालवली जातात. फटींच्या मधला काळा पुठ्ठा डोळ्यासमोरून गेला की आधीचं चित्र पुसलं जातं, आणि पुढचं स्वच्छ दिसतं. माझा पहिला डबा हेलकावे खात फिरायचा. अप्पा खुर्चीतून म्हणाले, "बेअरिंग टाक त्याले. जुन्या मोटारीचं पडलंय कोठीत." बेअरिंग टाकलं आणि डबा लोण्यासारखा फिरायला लागला.

पट्टीवर मी अप्पांची चाल काढली, पडायच्या आधीची. आठवणीतून काढली आणि चांगली काढली, असं माझं मत होतं. पाठ ताठ, डावा खांदा किंचित खाली, गमछा गळ्यात. त्यांनी डबा मांडीवर घेतला, फिरवला, फटीला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले.

"हा कोण आहे?"

"तुम्ही."

"हा मी? हा तर पटवारी दिसू राहिला." पुन्हा फिरवलं. "आणि चालू राहिला चालू राहिला, पोचत काही नाही."

"डब्यात आहे तो अप्पा, पोचणार कुठं? चाल बघा ना."

"तेच पाहू राहिलो. पाय असा नाही पडत. हा सडकेवरून चालला. काळ्या मातीत अशी टाच टेकवली तर चप्पल तिथंच राहील." त्यांनी तळहात पालथा धरून दाखवलं. मला कळेना. त्यांनी पेन्सिल मागितली, पाय काढायला गेले, तो वांग्यासारखा झाला. कागद चुरगाळला. "आधी चवडा, मग टाच. आणि उचलताना गुडघा आधी. कायले कळत नाही तुले?"

"नाही कळत. असा का?" मी हाताने मुद्दामच वेडंवाकडं केलं.

"असा नाही व माय," म्हणत अप्पा उठले. खुर्चीचा हात सोडला, पुढे झुकले आणि चवडा टेकवला. मग टाच. मग दुसरा पाय, गुडघा आधी. आई दारात ताट घेऊन तशीच उभी. मी जागची हलले नाही. धावत जाऊन धरावंसं इतकं वाटत होतं की मी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून ठेवले. आपण चालतोय हे अप्पांच्या लक्षात आलं तेव्हा ते कपाटापाशी होते. त्यांनी कपाट घट्ट पकडलं. चेहरा पांढरा पडला होता.

"कळलं का?" ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "येताना परत दाखवा."

पहिली चूक माझ्या हातून खरोखर झाली होती. पुढच्या सगळ्या मी ठरवून केल्या. माझ्या बापाला मी ओळखते. समोर कुणी काम चुकीचं करत असेल तर हा माणूस बसून राहू शकत नाही. रोज नवी पट्टी लावायची, रोज एक खोट. कधी कोयता डाव्या हातात दिला. कधी खांद्यावर घड असूनही मान सरळ ठेवली. कधी बांध चढताना पाठ मागे रेलली. वाईट चित्र काढायला इतकी मेहनत मी उभ्या आयुष्यात घेतली नव्हती. आणि रोज अप्पा शिव्या घालत उठायचे, आधी कपाटापर्यंत, मग अंगणापर्यंत, पुढे पुढे गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथं सिंधीपुऱ्यातला त्यांचा एक जुना सोबती त्यांना पाहून सायकलवरून उतरला आणि विचारायला लागला की कोणत्या डॉक्टरचं औषध.

एक वाद मात्र मी जिंकले. अप्पांचं म्हणणं, भराभर चालताना क्षणभर दोन्ही पाय वर असतात. मी म्हटलं, ते धावणं. चालताना एक पाय जमिनीवर असतोच. मग त्यांना घोड्याची गोष्ट सांगितली. दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका वेळी वर असतात का, यावर परदेशात मोठमोठी माणसं भांडली होती. शेवटी एकाने वाटेवर ओळीने कॅमेरे मांडले, त्यांना दोरे बांधले, आणि घोडा दोरे तोडत गेला तसे फोटो निघत गेले. चारही पाय खरंच वर होते, पण सगळे चित्रकार काढायचे तेव्हा नव्हे. पाय पसरलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. सिनेमा पुढे त्यातूनच निघाला. अप्पांनी सगळं मन लावून ऐकलं. मग विचारलं, "बैलाचे काढले का कोणी?"

घड भरत आले. कापणीची बोलणी सुरू झाली आणि भाऊ गप्प गप्प राहायला लागला. बटाईवाल्याला काय सांगायचं, ते त्याला कळत नव्हतं. अप्पा गल्लीत फिरत होते, पण बागेचं नाव काढत नव्हते. सपाट फरशी वेगळी आणि जिथं पडले ती माती वेगळी. मी एक दिवस दारं लावून बसले आणि त्यांनी दाखवलेलं सगळं घालून चाल काढली. चवडा आधी, गुडघा आधी, कोयता उजव्या हातात. एकही खोट ठेवली नाही. सकाळी डबा त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी फिरवला. फटीला डोळा लावला. डबा थांबला, पुन्हा फिरवला.

"ह्याच्यात आज काही चुकवलं नाही तू."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. "म्हणजे?"

"कोयता मी कोणत्या हातात धरतो, हे तुले माहीत नाही? पाळण्यात होती तेव्हापासून पाहू राहिली." डबा त्यांनी जपून खाली ठेवला. "मले वाटलं, पोरगी एवढी चुकू राहिली तर आपण उठून दाखवायला काय जातं."

माझे डोळे भरून आले. मी लपवलं नाही. आईने पदर डोळ्याला लावला आणि वर म्हणाली, "दोघंबी एका माळेचे मणी."

अप्पा उठले. गमछा वॉकरवरून उचलून गळ्यात टाकला. "ह्याले राहू दे इथंच," डब्याकडे बघून म्हणाले. "हा काही पोचत नाही. चला."

भावाने गाडी बांधापाशी थांबवली. अप्पा उतरले. काळ्या मातीच्या कडेला क्षणभर उभे राहिले, आणि तेवढ्यात मी पुन्हा दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग ते झुकले. चवडा, टाच. चवडा, टाच. केळीच्या दोन ओळींच्या मधून ते आत गेले, एका घडाला हात लावून पाहिला आणि मागे न बघता भावाला म्हणाले, "बटाईवाल्याले नाही म्हणून सांग."

मी त्यांच्या मागून चालत होते आणि सवयीने त्यांची पावलं बघत होते. मी काढलेली चाल ही नव्हती. डावा पाय आता अर्धा क्षण उशिरा उचलत होता आणि त्याला सांभाळायला उजवा हात जरासा बाहेर येत होता. माझी बिनचूक पट्टी पडायच्या आधीच्या अप्पांची होती. हा माणूस नवा होता. माझी नजर पावलांवर आहे, हे त्यांना कळलंच.

"मधले," ते पुढे बघतच म्हणाले, "नीट पाहून घे. तुझा डब्यातला चुकलाच."