बाबांच्या गाडीचा आवाज

बाबा गेल्यावर त्यांची जुनी गाडी मी वापरायला घेतली. माझी नोकरी ठाण्याला. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आई आणि मी राहतो, लिफ्ट नाही. गाडी गल्लीत वळली की बॉनेटखालून कुईं असा रडका आवाज यायचा, बाबांच्या काळापासूनचा. तो ऐकला की आई चहा ठेवायची. बाबांना लागायचा तसा, बिनसाखरेचा.

बाबा गेले तरी हे थांबलं नाही. मी वर पोचेपर्यंत कप त्यांच्या खुर्चीसमोर तयार. मला गोड चहा लागतो, पण आईला सांगायचा धीर झाला नाही. खरं तर भीतीच वाटायची. दार उघडल्यावर ती आधी माझ्या खांद्यावरून मागे जिन्यात बघायची आणि मग माझ्याकडे. एकदोनदा मीही मागे वळून पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं, तरी मी चपला काढून पटकन आत गेले.

मग एका शनिवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आणताना माजिवड्याच्या पुलावर बॅटरीचा लाल दिवा लागला, हेडलाइट मिणमिणले आणि गाडी बंद पडली. मागचे ट्रकवाले हॉर्न दाबून बसले. आईने पर्स पोटाशी धरली. मी स्टिअरिंगवर हात आपटला. चिडले ती बाबांवरच, असली गाडी गळ्यात मारून गेले म्हणून.

बॅटरी भरत ठेवणारा अल्टरनेटर कामातून गेलाय, असं मेकॅनिकने सांगितलं. तसलाच जुना दुरुस्त करून बसवला तर पुन्हा हाच ताप होणार होता. त्यापेक्षा नव्या मॉडेलचा दणकट अल्टरनेटर बसेल, फक्त तो धरणारी पट्टी थोडी घासावी लागेल आणि बेल्ट जरा लांब लागेल, असं त्याचं म्हणणं. मी हो म्हटलं.

"तो आवाज पण जाईल, मॅडम. त्याच्याच बेअरिंगचा आहे तो."

जाऊ दे एकदाचा, मी म्हटलं. अगदी मनापासून.

दोन दिवसांनी ऑफिसातून परस्पर गॅरेजला जाऊन गाडी घेतली. एका चावीत सुरू झाली, दिवे लख्ख. गल्लीत वळले तरी आवाज नाही. मानगुटीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. जिना चढून बेल दाबली. आईला यायला वेळ लागला.

"तू होय," ती म्हणाली. जिन्याकडे तिने पाहिलंच नाही.

गॅस बंद होता. मी कौतुकाने सांगत सुटले, आता कुठे अडकायची भीती नाही, कटकट संपली. आई चहा ठेवायला वळली आणि पाठमोरीच म्हणाली,

"तूच असतेस हे मला कळायचं गं. पण तू जिना चढून दारात येईस्तोवर हे असायचे."

जुनाच पुन्हा बसवून घेऊ का, असं मी विचारलं. रस्त्यात बंद पडणारी गाडी काय करायची, म्हणाली.

तिने कप माझ्यासमोर ठेवला. बाबांच्या खुर्चीसमोर काही नव्हतं. चहात साखर होती, मला लागते तेवढीच.